प्राणी कोणता घेणार? लाखोळीच्या विषाचा शोध आणि चुकीचे साक्षीदार

सिनॉप्सिसच्या बैठकीत मला विचारलेल्या सगळ्यात सोप्या प्रश्नाला मी सगळ्यात वाईट उत्तर दिलं. माझा विषय होता लाखोळीच्या चुनीतलं विष: पशुखाद्यात ही चुनी किती मिसळली तर चालेल, हे बघायचं होतं. चौथ्या-पाचव्या स्लाइडवर मी लिहिलं होतं, ‘प्रायोगिक प्राणी: पांढरा उंदीर’. समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी चष्मा वर सरकवून विचारलं, ‘‘उंदीरच का?’’

मी म्हणालो, ‘‘सर, सगळे उंदीरच घेतात.’’

दोघं-तिघं हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, ‘‘लाखोळीच्या बाबतीत सगळ्यांनी जो प्राणी हाताशी होता तो घेतला, म्हणून कितीतरी वर्षं वाया गेली. आधी हा इतिहास वाचून या, मग बोलू.’’ सिनॉप्सिस ‘सुधारणेसह पुन्हा सादर करा’ असा शेरा घेऊन परत आला. गाईडनी फक्त एवढंच म्हटलं, ‘‘प्रश्न बरोबर होता.’’

राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण पुढचे चार महिने जे वाचलं, त्याने माझा रागही गेला आणि उंदीरही. संशोधनाकडे वळणाऱ्या, पेट देणाऱ्या, सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींसाठी ते वाचन इथे मांडतोय. यात विषाची गोष्ट आहेच, पण त्याहून जास्त साक्षीदारांची आहे. एकाच दाण्याबद्दल घोडा, बदक, माकड, उंदीर आणि कोंबडीचं पिल्लू यांनी वेगवेगळी साक्ष दिली. ज्याने ज्या प्राण्याला विचारलं, त्याला तसं उत्तर मिळालं.

ताटात आणि गोठ्यात

पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी आधी ओळख. लाखोळी म्हणजे लाख, आमच्याकडे बोलताना लाखोरी. शास्त्रीय नाव लॅथायरस सटायव्हस. हिंदी पट्ट्यात तिला खेसारी किंवा तिवडा म्हणतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या धानाच्या जिल्ह्यांत धान कापणीला येण्याआधीच उभ्या पिकात, ओल्या बांधीत लाखोळीचं बी फेकतात. नांगरणी नाही, पाणी नाही, खत नाही. धान निघतं आणि उरलेल्या ओलीवर लाखोळी वर येते. या पद्धतीला उतेरा म्हणतात.

या झाडाचं काहीच वाया जात नाही. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, ती वाळवून उन्हाळ्यासाठीही ठेवतात. डाळीचे वडे होतात. मळणीनंतरचं कुटार बैलांना, डाळ भरडल्यावर राहिलेली चुनी गाई-म्हशींना. माझ्या आजीचं माहेर भंडाऱ्याकडचं. तिला मी पहिल्यांदा सांगितलं की लाखोरीत विष असतं आणि मी त्यावर पीएचडी करतोय, तेव्हा ती म्हणाली, ‘‘अरे, ढोरं जन्मभर खातेत अन् मस्त राह्यतेत. तुले कोणी सांगतलं विष आहे म्हणून?’’

आजीचं हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. ते निरीक्षण म्हणून किती पक्कं होतं, हे खूप नंतर कळलं.

पहिली नोंद: लंगडी गावं

आपल्या भागातली पहिली सविस्तर नोंद सापडते विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८४४ साली छापलेल्या प्रवासवर्णनात. ठगांच्या बंदोबस्तामुळे ओळखला जाणारा तो हाच स्लीमन. त्या वेळच्या सागर-नर्मदा प्रदेशातल्या एका गावाबद्दल त्याने लिहिलं आहे. १८२९मध्ये गारपिटीने गहू गेला, १८३०मध्ये पाऊस वेळेवर आला नाही, १८३१मध्ये पिकावर रोग पडला. तिन्ही वर्षं तगली ती फक्त लाखोळी, आणि लोकांनी तीच खाल्ली. मग १८३३च्या सुमारास तिशीच्या आतली माणसं अचानक कमरेखाली लुळी पडायला लागली. दोन वर्षांत गावातले जवळजवळ निम्मे तरुण असे झाले, असं तो सांगतो.

हाच सागर-नर्मदा प्रदेश १८६१मध्ये नागपूर प्रांताला जोडून मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. म्हणजे लाखोळीचा पांगळेपणा हा नागपूरच्या सरकारी कागदांचाच विषय होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन मोठे दुष्काळ या प्रांताने पाहिले. त्या काळातल्या रोग्यांवर अँड्र्यू बुकॅनन या सरकारी डॉक्टरने केलेला अहवाल १९०४चा आहे. इटलीतल्या कँटानी या वैद्याने या आजाराला ‘लॅथायरिझम’ हे नाव १८७३च्या सुमारास दिलं होतं, तेव्हा नाव तयारच होतं. कारण मात्र कोणालाच माहीत नव्हतं.

आजार कसा दिसतो, हे ह्यू ॲक्टनने १९२२मध्ये रीवा संस्थानातल्या रोग्यांवरून लिहिलं. त्याने चार पायऱ्या सांगितल्या आणि त्या आजही पुस्तकांत तशाच आहेत: काठीशिवाय चालणारा, एका काठीवरचा, दोन काठ्यांवरचा आणि शेवटी हातांवर सरपटणारा. पाय ताठ होतात, टाचा टेकत नाहीत, चालताना गुडघे एकमेकांवर येतात. बुद्धी शाबूत राहते, आयुष्यही कमी होत नाही. फक्त गेलेली चाल परत येत नाही. एखाद्या तरण्याताठ्या शेतमजुरासाठी याचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट सगळ्या नोंदींत सारखी आहे. हा आजार वड्यांनी होत नाही. आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त लाखोळी असेल आणि ते दोन-तीन महिने किंवा अधिक चालू राहिलं, तरच धोका. म्हणजे दुष्काळ, किंवा मजुरीच लाखोळीत मिळणारी माणसं.

घोड्याची साक्ष

आता जनावरांकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातून लाखोळी स्वस्त खुराक म्हणून ब्रिटनला जाऊ लागली. तिथे ट्राम आणि गाड्या ओढणारे घोडे होते, त्यांच्या दाणापाण्यात ती पडली. काही आठवड्यांनी घोडे विचित्र आवाज करायला लागले. उभा असताना घोडा ठीक, पण गाडीला जुंपून दौडवला की घशातून मोठी घरघर, श्वास कोंडायचा, काही घोडे जागीच कोसळून मरायचे. विश्रांती मिळाली की पुन्हा बरे. पशुवैद्य श्वासनळीला भोक पाडून जीव वाचवायचे.

घोड्यात काय होत होतं? स्वरयंत्राकडे जाणारी लांब मज्जा निकामी होत होती, त्यामुळे श्वासाची वाट उघडी राहत नव्हती. मागचे पायही अडखळत. आणखी एक धडा त्यात होता: खुराक बंद केल्यावरही काही घोड्यांत लक्षणं नंतर दिसायची. आज खाल्लं आणि उद्या झालं, असं हे विष नव्हतं.

घोड्याची साक्ष स्पष्ट होती: लाखोळी मज्जासंस्थेला मारते. पण घोडा महागडा प्राणी. प्रयोगशाळेत पिंजऱ्यात ठेवता येत नाही. त्यामुळे ही साक्ष पशुवैद्यांच्या पुस्तकांत राहिली आणि शास्त्रज्ञ लहान प्राण्यांकडे वळले.

बदक, माकड आणि अकटा

१९२५मध्ये अँडरसन, हॉवर्ड आणि सायमनसन यांचा पेपर आला. यातले हॉवर्ड म्हणजे पुसा इथे काम केलेले आणि पुढे इंदूरच्या कंपोस्ट पद्धतीमुळे प्रसिद्ध झालेले अल्बर्ट हॉवर्ड. या तिघांनी एक अतिशय शहाणा प्रश्न विचारला: बाजारातून आणलेली लाखोळी म्हणजे खरंच फक्त लाखोळी असते का?

नव्हती. तिच्यात अकटा नावाच्या तणाचं बी मिसळलेलं असायचं. हे तण वाटाण्याच्याच कुळातलं, व्हिसिया सटायव्हा. त्यांनी निवडून शुद्ध केलेली लाखोळी बदकांना आणि माकडांना खाऊ घातली, काही झालं नाही. अकटा खाऊ घातला, तर बदकं मेली आणि माकडांत लक्षणं दिसली. निष्कर्ष सरळ होता: लाखोळी निर्दोष, गुन्हेगार अकटा.

प्रयोगाची मांडणी बघितली तर आजच्या परीक्षकालाही खोट काढायला कष्ट पडतील. शुद्ध बी, वेगळे गट, दोन जातींचे प्राणी. आणि अकट्याबद्दल ते चुकीचे नव्हतेच. १९६२मध्ये शार्लट रेसलर यांनी अकट्यातून बीटा-सायनोॲलनीन हे मज्जाविष वेगळं काढलं, आणि हेच लॅथायरिझमचं कारण असू शकेल असंही सुचवलं. म्हणजे जवळपास चाळीस वर्षं संशय अकट्यावर राहिला.

चूक कुठे होती? ‘माकडाला काही झालं नाही’ या वाक्यात. किती दिवसांत झालं नाही? किती लाखोळी खाऊन? माणसाला महिनोन् महिने लागतात. खाऊन-पिऊन सुखी असलेल्या माकडाला थोडे दिवस लाखोळी दिली, म्हणजे दुष्काळातल्या माणसाचा प्रयोग झाला नाही. ‘परिणाम दिसला नाही’ आणि ‘परिणाम होत नाही’ यातलं अंतर मी माझ्या टेबलासमोर कागदावर लिहून चिकटवलं आहे.

उंदराने दिलेली भलतीच साक्ष

आता माझा लाडका उंदीर. १९३३मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात गायगर, स्टीनबॉक आणि पार्सन्स यांनी ‘उंदरांतला लॅथायरिझम’ जाहीर केला. उंदीर लंगडत होते, पाठीला बाक आला होता. शीर्षकात लॅथायरिझम, लक्षणात लंगडणं. कोणालाही वाटेल, अखेर प्रयोगशाळेत आजार तयार झाला!

फक्त दोन अडचणी होत्या. पहिली: उंदरांना दिलेलं बी लाखोळीचं नव्हतं, तिच्या नात्यातल्या स्वीट पी या बागेतल्या फुलझाडाचं होतं. नागपुरात हिवाळ्यात बंगल्यांच्या कुंपणावर चढवतात तेच. दुसरी: उंदरांच्या मज्जासंस्थेला काही झालंच नव्हतं. त्यांची हाडं वाकडी झाली होती. १९५४मध्ये स्वीट पीमधलं कारण सापडलं, बीटा-अमिनोप्रोपिओनायट्राइल. हे संयुग कोलॅजेनच्या धाग्यांना एकमेकांशी जोडणारं विकर बंद पाडतं. धागे जुळले नाहीत की हाडं, सांधे, रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. लाखोळीच्या दाण्यात ते नसतंच.

म्हणजे माणूस लंगडतो तो मज्जा मेली म्हणून, उंदीर लंगडला तो हाडं बिघडली म्हणून. दोघांच्या लंगडण्याला एकच नाव पडलं आणि पुढची कित्येक वर्षं पेपरांत दोन वेगळे आजार एकमेकांत मिसळत राहिले. शेवटी नावं वेगळी करावी लागली: मज्जेचा तो न्यूरोलॅथायरिझम आणि हाडांचा तो ऑस्टिओलॅथायरिझम. उंदरांवरचं काम वाया गेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. कोलॅजेन कसं बांधलं जातं हे समजायला त्या संयुगाची फार मदत झाली. पण रीवातल्या सरपटणाऱ्या माणसाला त्याचा काही उपयोग नव्हता.

आणि खरी लाखोळी दिली तर? मोठ्या उंदराला सहसा काहीच होत नाही. म्हणजे माझ्या चौथ्या-पाचव्या स्लाइडवरचा प्रयोग मी तीन वर्षं केला असता, तर शेवटी ‘चुनी सुरक्षित आहे’ असं छान आलेख काढून लिहिलं असतं.

एका दिवसाचं पिल्लू

कोंडी फुटली ती भारतात, १९६३-६४मध्ये, आणि जवळजवळ एकाच वेळी अनेक ठिकाणी. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतल्या रॉय, नागराजन आणि गोपालन यांनी लाखोळीचा अर्क कोंबडीच्या पिल्लांना टोचला. पिल्लांच्या माना मागे वळल्या, झटके आले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सर्मा हेच करत होते. १९६४मध्ये त्यांनी विषाची रचना जाहीर केली: बीटा-एन-ऑक्झॅलिल-अल्फा,बीटा-डायअमिनोप्रोपिऑनिक आम्ल. थोडक्यात ओडॅप. त्याच वर्षी दिल्लीच्या मूर्ती, शेषाद्री आणि वेंकटसुब्रमण्यन यांनीही हेच संयुग स्वतंत्रपणे दाखवलं.

पिल्लूच का? कारण ते अगदी कोवळं, एका दिवसाचं. रक्तातून मेंदूकडे काय जाऊ द्यायचं हे ठरवणारी जी भिंत असते, ती इतक्या लहान पिल्लात पुरती तयार झालेली नसते. विष थेट आत जातं. मोठी कोंबडी, मोठा उंदीर यांच्यात ती भिंत विष अडवते. म्हणजे प्रश्न फक्त ‘कोणता प्राणी’ एवढाच नव्हता. ‘किती वयाचा’ आणि ‘कोणत्या मार्गाने’ हेही होतं.

ओडॅपचं काम कसं चालतं, हे एका वाक्यात सांगता येतं. ते मेंदूतल्या ग्लुटामेट या निरोप्यासारखं दिसतं, त्याच्याच ॲम्पा नावाच्या कुलपात बसतं, आणि मज्जापेशीला ‘चालू राहा, चालू राहा’ असा निरोप देत राहतं, ती थकून मरेपर्यंत. सगळ्यात आधी जातात त्या पायांकडे हुकूम नेणाऱ्या लांब पेशी.

तरीही शंका उरलीच. पिल्लाला आलेले झटके म्हणजे माणसाचा पांगळेपणा नव्हे. १९६७मध्ये ‘नेचर’मध्ये माकडांवरचा प्रयोग आला, तिथे ओडॅप थेट पाठीच्या कण्यातल्या द्रवात टोचल्यावर माकडांचे पाय गेले. १९८६मध्ये पीटर स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं की माकडांना दीर्घकाळ लाखोळी खाऊ घातली तर माणसासारखीच सुरुवातीची लक्षणं येतात. लक्षात घ्या, १९२५मध्ये ज्याने ‘निर्दोष’ म्हटलं, तोच हा साक्षीदार. या वेळी त्याला विचारायला पुरेसा वेळ दिला होता.

मग बैलाला काय होत नाही?

इथे मी आजीच्या वाक्याकडे परत आलो. घोड्याला मारणारा दाणा बैल जन्मभर कसा खातो?

उत्तर पोटात आहे. गाय, बैल, शेळी या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाचा पहिला आणि सगळ्यात मोठा कप्पा म्हणजे जिवाणूंनी भरलेली पखाल. चारा आधी जिवाणू खातात, मग जनावर. ओडॅपही आधी जिवाणूंच्या हाती पडतं आणि त्याचा बराचसा भाग तिथेच मोडतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. घोड्याकडे हा पहिला पहारेकरी नाही. त्याचं पोट आपल्यासारखं, एकाच कप्प्याचं.

पण थांबा, ‘रवंथ करणारं जनावर सुरक्षित’ असा नियम करून टाकू नका. हाच पहारेकरी दुसऱ्या विषाच्या वेळी दरवाजा उघडून देतो. विदर्भातल्या कोणत्याही शेतकऱ्याला ‘किराळ लागणं’ विचारा. पावसाने ताण दिला, ज्वारी खुरटली, किंवा कापलेल्या धसकटांना कोवळे फुटवे आले, आणि भुकेली गाय त्यात शिरली, की काही मिनिटांत ती धापा टाकत पडते. कोवळ्या ज्वारीत धुरीन असतं. डन्स्टन आणि हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी ते १९०२मध्ये वेगळं काढलं. इजिप्तमध्ये ज्वारीला ‘धुरा’ म्हणतात, त्यावरून नाव. धुरीन स्वतः शांत असतं. पानात ते एका जागी आणि त्याला फोडणारं विकर दुसऱ्या जागी. चावल्यावर दोघं भेटतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. पेशीला प्राणवायू वापरताच येत नाही, म्हणून रक्त लालभडक असूनही जनावर गुदमरतं.

आता गंमत बघा. घोडा किंवा डुकराच्या पोटातलं आम्ल त्या विकराला बरंचसं निकामी करतं. गाईच्या पखालीत आम्ल नाही, वर जिवाणूंची स्वतःची विकरं आहेत, त्यामुळे सायनाइड भराभर सुटतं. लाखोळीत घोडा मरतो आणि बैल वाचतो. कोवळ्या ज्वारीत नेमकं उलटं. विष झाडात असतं, पण ते विष ठरतं खाणाऱ्याच्या पोटात. (किराळ लागलेल्या जनावराला पशुवैद्य सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट देतात, ते मिनिटांत मिळालं तरच उपयोग. म्हणून ताणातल्या कोवळ्या ज्वारीत गुरं सोडायचीच नाहीत, हा जुना नियम आजही खरा.)

तिसरं उदाहरण सुबाभळीचं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत उरुळीकांचनच्या बायफ संस्थेने चाऱ्यासाठी सुबाभूळ महाराष्ट्रभर नेली. तिच्यात मिमोसीन असतं. घोड्याने ती खाल्ली तर आयाळ आणि शेपटीचे केस गळतात. रवंथ करणाऱ्यांत जिवाणू मिमोसीन मोडतात, पण त्यातून जे तयार होतं ते थायरॉइडला त्रास देतं, आणि ते मोडायला आणखी वेगळे जिवाणू लागतात. ऑस्ट्रेलियातली गुरं सुबाभूळ खाऊन खंगत होती, हवाईमधल्या शेळ्या मात्र मजेत होत्या. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने हवाईतल्या शेळ्यांच्या पखालीतले जिवाणू ऑस्ट्रेलियात नेले आणि तिथल्या जनावरांत सोडले. ती सुबाभूळ पचवायला लागली. त्या जिवाणूला १९९२मध्ये त्याच्याच नावावरून सिनर्जिस्टीस जोन्सिआय म्हटलं गेलं. म्हणजे एकाच जातीची दोन जनावरं, पण पोटातली वस्ती वेगळी, तर साक्षही वेगळी.

बंदी, उपोषण आणि नागपूर

या सगळ्याचं ओझं कोणावर पडलं? १९६१मध्ये अन्नभेसळ कायद्याखाली लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. सालं नीट बघा: बंदी १९६१, विषाची रचना १९६४. कायदा रसायनशास्त्राच्या आधी आला. रीवासारख्या भागांतली माणसं डोळ्यांसमोर असताना रेणू सापडेपर्यंत थांबणं योग्य ठरलं नसतं, असं मला वाटतं. पण बंदी विक्रीवर होती. लाखोळी पिकत राहिली, घरात खाल्ली जात राहिली आणि स्वस्त म्हणून दुसऱ्या डाळींच्या पिठात मिसळलीही जात राहिली. पिकवणाऱ्याला मात्र उघड बाजार उरला नाही.

याविरुद्ध सगळ्यात मोठा आवाज उठला तो नागपुरातूनच. डॉ. शांतिलाल कोठारी यांनी वर्षानुवर्षं ही बंदी चुकीची असल्याचं मांडलं, उपोषणं केली. विदर्भात पिढ्यान् पिढ्या लाखोळी खाणारी माणसं चालती-फिरती आहेत, हा त्यांचा मुद्दा होता. महाराष्ट्राने २००८मध्ये बंदी उठवली. २०१६मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या बाजूने रतन, प्रतीक आणि महातिवडा या कमी ओडॅपच्या तीन वाणांना मोकळीक देण्याची शिफारस झाली. साध्या दाण्यात ओडॅप साधारण ०.१ ते ०.७ टक्के असतं. हे वाण त्याच्या खालच्या टोकाला किंवा त्याहून खाली आहेत.

कोठारींच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघांचेही कागद मी वाचले. मला दोघांतही तोच जुना घोळ दिसला. एक बाजू रीवातल्या दुष्काळी माणसाची साक्ष काढते आणि विदर्भातल्या वडे खाणाऱ्याला लावते. दुसरी बाजू वडे खाणाऱ्याची साक्ष काढते आणि उद्याच्या दुष्काळातल्या मजुराला लावते. दोन्ही साक्षी खऱ्या आहेत. फक्त त्या एकमेकांच्या जागी चालत नाहीत. किती, किती दिवस, सोबत काय आणि पाण्यात भिजवून-शिजवून ते पाणी टाकलं की नाही (त्याने ओडॅप पुष्कळ कमी होतं), हे विचारल्याशिवाय ‘लाखोळी विषारी आहे का?’ हा प्रश्नच अपुरा आहे.

परत सिनॉप्सिसकडे

मग मी काय केलं? प्रश्न पुन्हा लिहिला. मला जाणून घ्यायचं होतं ते चुनी खाणाऱ्या शेळ्या-गाईंबद्दल. तर साक्षीदारही तिथलाच हवा. नव्या आराखड्यात पहिला टप्पा शेळीच्या पखालीतल्या द्रवाचा आहे: तो बाटलीत, शरीराच्या तापमानाला, चुनीसोबत ठेवायचा आणि ओडॅप तासागणिक किती उरतं ते मोजायचं. द्रव वेगवेगळ्या गावांतल्या शेळ्यांचा घ्यायचा, लाखोळी खाणाऱ्या आणि कधीच न खाल्लेल्या, म्हणजे सुबाभळीचा धडा विसरायला नको. ज्या वासरांचं रवंथ सुरू झालेलं नाही त्यांना हा निष्कर्ष लागू नाही, हे पहिल्याच पानावर लिहिलं आहे. दुसऱ्या टप्प्यात, उरलेल्या द्रवात विष खरंच शिल्लक आहे का हे बघायला एका दिवसाची पिल्लं, तीही कमीत कमी, आणि प्राणी नैतिकता समितीच्या परवानगीनंतरच. बी आधी हाताने निवडून अकटा वेगळा करायचा. हा धडा १९२५चा.

तुम्ही तुमच्या आराखड्यात प्राणी, पेशी, वनस्पती, काहीही ‘मॉडेल’ म्हणून लिहाल, तेव्हा त्या ओळीसमोर चार छोटे प्रश्न लिहून बघा. हा प्राणी माझ्या प्रश्नातल्या जिवासारखा पचवतो का? याचं वय आणि विष देण्याचा मार्ग प्रत्यक्षातल्यासारखा आहे का? पुरेसे दिवस वाट बघितली का? आणि त्यात दिसलेलं लक्षण खरंच तोच आजार आहे, की फक्त नाव सारखं आहे? चारही उत्तरं ‘हो’ येतील असं नाही. कुठे ‘नाही’ आहे हे आधी माहीत असलं, की निष्कर्ष लिहिताना हात आपोआप आवरतो.

दुसऱ्या बैठकीत त्याच सरांनी पुन्हा विचारलं, ‘‘प्राणी कोणता?’’ मी आराखडा सांगितला. त्यांनी पान उलटलं आणि पुढचा प्रश्न विचारला, जास्त अवघड. त्याचं उत्तर मी अजून शोधतोय.

आजीला मात्र कळवून टाकलं, की ढोरांबद्दल ती बरोबर होती. ती म्हणाली, ‘‘मंग, चार महिने काय वाचत होता?’’